चिमूटभर मीठ, मूठभर गूळ : ब्रॅकच्या मौखिक जलोपचार कार्यक्रमाचा इतिहास

संस्थांचे इतिहास बहुधा त्यांच्या वास्तूंच्या, विश्वस्तमंडळांच्या आणि देणग्यांच्या आधाराने लिहिले जातात. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, पहिले सभागृह कोणाच्या औदार्याने उभे राहिले आणि चिटणिसपदाची धुरा कोणाकडून कोणाकडे गेली, एवढे सांगितले म्हणजे इतिहासकाराचे कर्तव्य संपले असे मानण्याची वहिवाट आहे. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत चालविलेल्या मौखिक जलोपचार कार्यक्रमाचा वृत्तांत या वहिवाटीने लिहू गेल्यास हाती फारसे काही लागणार नाही. कारण या कार्यक्रमाने रुग्णालय बांधले नाही, औषधाचा कारखाना काढला नाही, की संगमरवरी पाटी बसवावी अशी एखादी भिंतही मागे ठेवली नाही. दारोदार जाऊन, प्रत्येक घरातील आईला समोर बसवून, हगवण लागलेल्या मुलाला मीठ, गूळ आणि पाणी यांच्या द्रावाने घरच्या घरी कसे सांभाळावे एवढी एकच विद्या त्याने शिकविली, आणि दशकाच्या अखेरीस ती सुमारे सव्वा कोटी घरांत पोचविली. हे शिकविताना शिकविणाऱ्याच्या श्रमाचे मोल शिकणारीच्या ध्यानात किती राहिले यावरून ठरविण्याची जी शिस्त संस्थेने स्वतःस लावून घेतली, ती या इतिहासाचा कणा आहे; आणि प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तिचीच हकीकत सांगावयाची आहे.

पूर्वपीठिका

पाण्यासारखे ढाळ लागलेले मूल दगावते, ते बहुतेक वेळा अंगातील पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. डोळे खोल जातात, तान्ह्या बालकाची टाळू खचते, तोंडाला कोरड पडते, कातडी चिमटीत धरून सोडली तर पूर्ववत बसण्यास वेळ लागतो, आणि पटकीसारख्या तीव्र रोगात हा सारा क्षय काही तासांतच प्राणांतिक अवस्थेस पोचतो. अशा मुलाच्या पोटाला विश्रांती द्यावी, पाणी व अन्न तोडावे, ही समजूत अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, आणि पुष्कळ वैद्य-डॉक्टरही तिला मान देत असत. शिरेवाटे सलाईन देण्याचा उपाय गुणकारी खरा. परंतु त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया, खाटा आणि सरावलेले हात लागतात, आणि ज्या मुलखात वर्षातले कित्येक महिने नावेवाचून शेजारच्या गावीही जाता येत नाही तेथे ही सामग्री रोग्यापर्यंत पोचण्याआधीच रोगी हाती लागेनासा होतो.

या अडचणीवरचा मार्ग ज्या भूमीत अडचण सर्वांत बिकट होती तेथेच सापडला. ढाक्यात १९६० साली पटकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली, आणि नद्यांनी वेढलेल्या मतलब या भागात तिने आपले क्षेत्रीय कार्य उभारले. साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र असली म्हणजे लहान आतडे त्या दोहोंना, व त्यांच्या मागोमाग पाण्यालाही, आत ओढून घेते आणि पटकीच्या भर आवेगातही आतड्याची ही शक्ती शाबूत राहते, हा शरीरशास्त्रातील सिद्धान्त रुग्णाच्या खाटेपाशी खरा ठरविण्याचे काम ढाक्यात आणि कलकत्त्यात जवळजवळ एकाच वेळी चालू होते. डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी ढाक्याच्या प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांसह केलेल्या प्रयोगांचा अहवाल १९६८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तोंडावाटे द्राव दिल्यास शिरेवाटे द्यावयाच्या सलाईनची गरज पुष्कळच कमी होते, हे त्यातून निश्चित झाले.

तथापि रुग्णालयाच्या चार भिंतींत सिद्ध झालेली गोष्ट चिखलात, पावसात, अप्रशिक्षित हातांनी साधेल काय, ही शंका शिल्लक होती. तिचे उत्तर १९७१ साली, पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले तेव्हा, सीमेवरील बनगाव येथे मिळाले. छावण्यांत पटकी पसरली, सलाईनचा साठा संपत आला, आणि डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातून पाजण्याची तजवीज केली. मिश्रणाच्या पुड्या कलकत्त्यातील संशोधनकेंद्राच्या ग्रंथालयात मोजून भरल्या जात आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडे इस्त्रीने बंद केली जात. मृत्यूचे प्रमाण, जे त्याआधी शेकडा तीसच्या घरात होते, ते त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत शेकडा चारांच्या आत आले. आई, बाप, भाऊ, शेजारी यांपैकी कोणीही हा उपचार करू शकतो, हे बनगावने दाखविले. परंतु तेथे पुडी देणारा डॉक्टर जवळ उभा होता. पुडीही नाही आणि डॉक्टरही नाही अशा घराचा प्रश्न अद्याप सुटावयाचा होता.

संस्थेचा उगम

ज्या संस्थेने हा प्रश्न हाती घेतला तिचे संस्थापक फजले हसन आबेद यांचा जन्म १९३६ साली सिल्हेट भागातील बनियाचोंग येथे झाला. हिशेबशास्त्राचे शिक्षण विलायतेत घेऊन ते चितगावला शेल या तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या किनाऱ्यावर आदळलेल्या चक्रीवादळाने लक्षावधी माणसे गिळली, तेव्हा मदतकार्यात जे दृश्य त्यांना दिसले त्यापुढे कंपनीची नोकरी त्यांना निरर्थक वाटू लागली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात लंडनमध्ये राहून त्यांनी स्वदेशासाठी लोकमत आणि निधी उभा केला, आणि युद्ध संपताच तेथील आपले घर विकून आलेल्या पैशाच्या भांडवलावर १९७२ साली सुल्ला या भागात निर्वासितांच्या पुनर्वसनाचे काम आरंभिले. हा सारा हाओरांचा, म्हणजे पावसाळ्यात समुद्रासारख्या पसरणाऱ्या विस्तीर्ण सखल पाणथळांचा मुलूख. गावे बेटांप्रमाणे तरंगतात आणि दवाखान्याची वाट पाण्यावरून जाते. ब्रॅकचे कार्य प्रारंभी घरे, नावा आणि मासेमारीची जाळी पुरविण्याचे होते; पुढे शिक्षण, शेती, आरोग्य, स्त्रियांचे संघटन असा त्याचा विस्तार झाला. संस्थापक मुळात हिशेबनीस होते ही गोष्ट या इतिहासात गौण नव्हे, कारण पुढे हगवणीच्या कार्यक्रमात आकड्यांच्या खरेपणाविषयी जी कसोशी दिसते तिचे मूळ तेथे असावे.

माप आणि द्राव

१९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. मुलांच्या जीवितासाठी देशव्यापी असे एखादे काम हाती घ्यावे या विचाराने संस्थेने हगवणीची निवड केली. तयार पुड्या वाटाव्यात, हा सरळ मार्ग दिसत होता. परंतु त्या काळी एवढ्या पुड्या कोण तयार करणार, खेड्यापाड्यांत त्या कोण नेणार, आणि एकदा दिलेली पुडी संपल्यावर दुसरी कोठून येणार, या तीन प्रश्नांपुढे तो मार्ग थांबत होता. मीठ प्रत्येक घरात होते, उसाचा किंवा खजुराचा गूळ बहुतेक घरांत होता, पाणी तर होतेच. प्रश्न फक्त प्रमाणाचा होता आणि तो लहान नव्हता. मीठ कमी पडले तर उपयोग नाही, आणि अधिक पडले तर आधीच शोषलेल्या बालकाला ते घातक ठरते.

तराजू नाही, चमचे एका आकाराचे नाहीत, पेले एका मापाचे नाहीत, अशा घरात अचूकपणा आणावयाचा कोठून, याचे उत्तर संस्थेच्या लोकांनी आईच्या हातातच शोधले. अंगठा आणि दोन बोटे यांच्या चिमटीत मावेल तेवढे मीठ, चार बोटांत मावेल तेवढा मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे प्रमाण ठरले. ठिकठिकाणच्या स्त्रियांनी तयार केलेल्या द्रावाचे नमुने प्रयोगशाळेत तपासून, चिमूट किती मोठी, मूठ किती भरलेली, याची पुनःपुन्हा खातरजमा करण्यात आली. अर्धा शेर पाणी मोजण्यासाठी सेविका आपल्याबरोबर मापाचे भांडे घेऊन जात आणि घरातील एखाद्या भांड्यात तितके पाणी ओतून तेथे खूण करून देत, म्हणजे पुढे त्या घरापुरते माप कायमचे ठरून जाई. गुळातून काही अंशी पोटॅशियमही मिळते, हा त्याचा आणखी एक लाभ होता. सुल्ला आणि परिसरातील गावांत हा प्रयोग पार पडल्यावर १९८० साली कार्यक्रमास रीतसर प्रारंभ झाला.

शिकविण्याची आणि वेतनाची रीत

कार्यक्रमाचे पथक म्हणजे बेताचे शिक्षण झालेल्या चौदाएक सेविका, एक स्वयंपाकी आणि एक पर्यवेक्षक. गावात भाड्याने जागा घेऊन त्यांचा मुक्काम पडे. त्या परिसरातील सारी घरे आटोपली की मुक्काम पुढे हले. पडद्याची चाल असलेल्या समाजात तरुण स्त्रियांनी घोळक्याने पायी रस्त्याने जावे, अनोळखी वाड्यांत शिरावे आणि परगावी राहावे, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. त्यांना टोमणे ऐकावे लागले आणि काही ठिकाणी मौलवींच्या व गावच्या कारभाऱ्यांच्या शंकांचे निरसन करावे लागले. प्रत्येक सेविकेने दिवसाला साधारण दहा मातांना, एकेकीला वेगळे गाठून, शिकवावयाचे होते. सांगावयाचे मुद्दे मोजकेच होते, प्रारंभी दहा आणि पुढे सात : हगवण कशाला म्हणावे, शोषाची लक्षणे कोणती, द्राव कसा करावा, केव्हा आणि किती पाजावा, अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न चालू का ठेवावे, आणि रोग टाळण्यासाठी काय सांभाळावे. हे सांगून झाल्यावर सेविका आपल्या हाताने एकदा द्राव करून दाखवी. मग आईने तो स्वतः करावयाचा, चाखावयाचा, आणि त्याची चव अश्रूंहून अधिक खारट लागत नाही ना हे पाहावयाचे. आईने स्वतः करून दाखविल्याखेरीज घर सोडावयाचे नाही, असा दंडक होता.

आता ज्या शिस्तीचा उल्लेख आरंभी केला तिच्याकडे वळू. सरकारी वा खाजगी, कोणत्याही आरोग्यखात्यात कर्मचाऱ्यास मासिक पगार मिळतो आणि त्याच्या कामाची नोंद दप्तरात होते ती भेटींच्या संख्येवरून. शंभर घरी गेलो असे त्याने लिहिले की शंभर घरे झाली. ब्रॅकने हा संकेत मोडला. सेविका गावातून गेल्यावर सुमारे महिन्याने एक स्वतंत्र तपासनीस येई, तिच्या यादीतील काही घरे चिठ्ठी टाकावी तशी निवडी आणि तेथील आईला दोन गोष्टी विचारी : तुला काय काय आठवते, आणि द्राव करून दाखव. उत्तरांची आणि द्रावाची प्रत पाहून आईला अ, ब, क, ड अशी श्रेणी मिळे, आणि सेविकेचा मोबदला त्या श्रेणीवरून ठरे. सर्व मुद्दे सांगून निर्दोष द्राव करणाऱ्या आईमागे तिला सर्वांत अधिक पैसे, त्याखालोखाल कमी, आणि जिला काहीच आठवत नाही तिच्यामागे काहीच नाही. द्रावाचे नमुने प्रयोगशाळेतही जात.

या व्यवस्थेने कार्यक्रमाची सारी घडण पालटली, असे म्हणण्यास हरकत नाही. परीक्षा आईची होती आणि निकाल मात्र सेविकेचा लागत होता. म्हणून घाईने दहा घरे उरकण्यात सेविकेचा तोटा आणि मंदबुद्धी समजल्या गेलेल्या एखाद्या सासुरवाशिणीपाशी अर्धा तास अधिक बसण्यात तिचा फायदा, अशी स्थिती निर्माण झाली. आईला एखादा मुद्दा आठवत नसला तर दोष आईच्या अज्ञानावर ढकलण्याची सोय उरली नाही. अक्षरशत्रू स्त्रीला शिकविता येत नाही, ही सबब ज्या एका व्यवहाराने निकालात निघाली तो हा. पैशाची गाठ जेथे पडली तेथे शिकविण्याची युक्ती आपोआप सापडत गेली, आणि यशस्वी सेविकांच्या युक्त्या इतरांनी उचलल्या.

अपयशाची नोंद

एवढी तजवीज करूनही पहिल्या पाहणीचे निष्कर्ष संस्थेला धक्का देणारे होते. मातांना मुद्दे उत्तम आठवत होते, द्राव अचूक होत होता, पण मुलाला प्रत्यक्ष हगवण लागली तेव्हा तो करून पाजणाऱ्या माता शंभरांत दहाहूनही कमी निघाल्या. आपल्या कामाच्या गौरवाचे आकडे हाती असताना हा प्रतिकूल आकडा प्रसिद्ध करावयाचा की नाही, असा पेच अनेक संस्थांना पडला असता. ब्रॅकने तो आकडा पुढे ठेवून कारणांचा शोध आरंभिला, आणि संस्थेच्या मोठेपणाची खरी साक्ष मला येथे दिसते.

शोधातून पहिले कारण निघाले ते अनपेक्षित होते. खुद्द सेविकांपैकी अनेकींचा या द्रावावर विश्वास नव्हता. त्यांच्या स्वतःच्या घरी कोणाला ढाळ लागले तर त्या गोळ्या आणत. जी गोष्ट स्वतःला पटली नाही ती दुसऱ्याच्या गळी कशी उतरणार? तेव्हा सेविकांना ढाक्याच्या रुग्णालयात नेऊन, मरणोन्मुख अवस्थेत आलेली माणसे तोंडावाटे दिलेल्या द्रावाने उठून बसतात हे प्रत्यक्ष दाखविण्यात आले, आणि त्यामागील शरीरधर्म समजावून देण्यात आला. पुढे सेविका मातांसमोर स्वतः द्राव पिऊन दाखवू लागल्या.

दुसरे कारण पुरुषांचे. गूळ बाजारातून आणणारा, वैद्याला बोलावणारा आणि पैसा खर्च करणारा घरातील पुरुष. त्याला वगळून सुनेला शिकविलेली गोष्ट घरात टिकणार कशी? म्हणून पुरुष कार्यकर्त्यांनी बाजारांत, शाळांत आणि मशिदींत सभा घेतल्या आणि गावठी डॉक्टरांशीही मसलत केली, कारण बाटली विकण्यातच ज्याचे हित आहे त्याचा विरोध राहिला तर घरगुती द्रावाचा निभाव लागला नसता.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म. ग्रामीण बंगालमधील माता हगवणीचे चार निरनिराळे रोग मानीत : अंगावरच्या दुधाने लागलेली, अजीर्णाची, आवेची, आणि पाण्यासारखी पटकीच्या जातीची, आणि शिकविलेला द्राव केवळ या शेवटच्या, दुर्मीळ व भयंकर रोगासाठीच आहे अशी त्यांची समजूत झाली होती. बाकीच्या तीन प्रकारांत त्या तो वापरीत नसल्याने एकूण वापर कमी दिसत होता. मातांच्या या वर्गीकरणाला मूर्खपणा न समजता संस्थेने ते पाठाच्या रचनेत घेतले, आणि कोणत्या प्रकारात द्राव लागू आहे हे नावानिशी सांगण्यास आरंभ केला. शिवाय या द्रावाने ढाळ लगेच थांबत नाहीत, तो अंगातील पाण्याची भरपाई करतो, हेही ठसविणे आवश्यक ठरले. नाहीतर आई दुसऱ्या दिवशीच निराश होऊन गोळीकडे वळे.

विस्तार आणि समाप्ती

या सुधारणांसह कार्यक्रम तीन टप्प्यांत पसरत गेला. पहिल्या टप्प्यात पाच जुन्या जिल्ह्यांतील सुमारे पंचवीस लाख घरे झाली. पुढील टप्प्यांत उर्वरित देश व्यापला, आणि चितगावचा डोंगरी प्रदेश वगळता १९९० पर्यंत बांगलादेशातील बहुतेक प्रत्येक ग्रामीण घरी सेविकेचे पाऊल लागले. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्यावरूनही चिमूट, मूठ आणि अर्ध्या शेराचा संदेश देशभर गाजला. परंतु ध्वनिक्षेपणाने काम भागेल असे समजून घरोघर जाणे सोडले नाही, ही दृष्टी स्थिर राहिली. या दहा वर्षांचा साद्यंत वृत्तान्त संस्थेच्या संशोधन विभागाचे मुश्ताक चौधुरी आणि पूर्वी उल्लेखिलेले रिचर्ड कॅश यांनी १९९६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रीय वाचकाला या संदर्भात आपल्या जामखेडची आठवण होणे स्वाभाविक आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून तेथे अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या दांपत्याला १९७९ साली समाजनेतृत्वाचे मॅगसेसे पारितोषिक मिळाले आणि लगेच पुढील वर्षी त्याच विभागात ते आबेद यांना मिळाले. दोन्ही ठिकाणचा विचार एकाच दिशेचा होता. एक प्रयोग एका तालुक्यात खोल गेला, दुसरा एका राष्ट्रात रुंद पसरला.

फलश्रुती

कार्यक्रमाच्या यशाचे मोजमाप करताना अतिशयोक्ती टाळावयास हवी. बांगलादेशात पाच वर्षांखालील मुलांचे मरणाचे प्रमाण १९९० मध्ये हजारी सुमारे १४५ होते, ते २०१५ मध्ये चाळिसाच्या आत आले. परंतु लसीकरण, कुटुंबनियोजन, मुलींचे शिक्षण आणि वाढते उत्पन्न यांचाही त्यात मोठा वाटा आहे, आणि एकट्या द्रावाकडे सारे श्रेय देणे न्यायाचे होणार नाही. हगवणीत तोंडावाटे द्राव देण्याची चाल मात्र आज त्या देशात जितकी रुजली आहे तितकी थोड्या देशांत असेल. हगवण लागलेल्या चार मुलांपैकी तिघांहून अधिकांना तो मिळतो. घरगुती मीठ-गुळाची जागा आता बहुतांशी दुकानातील पुडीने घेतली आहे आणि ती अर्धा लिटर पाण्यासाठी केलेली असते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ मध्ये द्रावासोबत जस्ताच्या गोळ्या दहा ते चौदा दिवस देण्याची शिफारस केल्यावर त्याही उपचारात आल्या. जिने गूळ कालविला त्या आईच्या मुलीने पुडी फोडली, एवढाच यातील फरक. हगवण म्हटली की पाणी पाजावयाचे, तोडावयाचे नाही, ही मूळ खूणगाठ पहिल्या पिढीने बांधून दिली होती.

तरीही ही विद्या दुसऱ्या पिढीत आपोआप टिकत नाही, याची साक्षही त्याच देशातून मिळते. पुडीचा थोडा भाग थोड्याशा पाण्यात अंदाजाने कालवून दिल्याने द्राव अतिखारट होतो आणि त्यामुळे बालके गंभीर अवस्थेत रुग्णालयात येतात, असे ढाक्याच्या डॉक्टरांनी नोंदविले आहे. फजले हसन आबेद २०१९ मध्ये आणि रिचर्ड कॅश २०२४ मध्ये निधन पावले. त्यांच्या मागे राहिलेल्या संस्थांपुढे आज हेच कर्तव्य आहे की, पुडी घरात पोचली एवढ्यावर समाधान न मानता, नव्या आईच्या घरी पुन्हा जावे, तिच्याकडून अर्धा लिटर पाणी मोजून घ्यावे, आणि तिला ते जमले नाही तर त्याचा दाखला आपल्याच खात्यात तोट्याच्या बाजूला मांडावा.